आमच्या सरांचा क्लब : आठवणींचा धागा

सरांना जाऊन महिना होत आला. शोकसभेत मोजकेच लोक बोलले. बाकीचे बाहेर चपला शोधता शोधता एकमेकांना जे सांगत होते, ते सगळ्यांनी ऐकायला हवं होतं. म्हणून हा धागा. सर प्रेमळ होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्यासमोर काय घडलं ते लिहा. क्रिकेटवेड्या नाशकात त्यांनी फुटबॉलचा क्लब काढला आणि शेवटपर्यंत चालवला, तो कसा, हे त्यातून कळू दे.

मी मैदान आखण्याबद्दल लिहितो. सरांकडे दोन गाठींची एक सुती दोरी होती. पहिली गाठ ९.१५ मीटरवर, दुसरी ११ वर. एक टोक खुंटीला बांधून पहिल्या गाठीपाशी फक्कीचा डबा धरला आणि फिरलं की मधलं वर्तुळ तयार. गोलरेषेच्या मध्यापासून दुसरी गाठ ताणली की पेनल्टीचा ठिपका, आणि त्याच ठिपक्यावर खुंटी ठोकून पुन्हा पहिल्या गाठीनं डीची, म्हणजे पेनल्टीच्या चौकटीबाहेरची, कमान. गोलपोस्ट बांबूचे होते, पण दोन्हींतलं अंतर ७.३२ मीटर म्हणजे ७.३२च. रविवारी सकाळी आम्ही डोळे चोळत यायचो तेव्हा हे सगळं झालेलं असायचं.

जुना गोलकीपर, नाशिकरोड
तेव्हा चामड्याचा, आत ब्लॅडर असलेला बॉल होता. गोल्फ क्लब मैदानावर जुलैचा चिखल, त्यात ते चामडं पाणी प्यायचं आणि बॉल इतका जड व्हायचा की पंच केला की मनगट बधिर व्हायचं. मॅच संपली की सर बॉल घरी न्यायचे. उन्हात कधीच नाही, सावलीत वाळवायचे, मग तेलाचा हात फिरवायचे. वादी स्वतः ओवायचे आणि गाठ आत दाबायचे, हेडर मारताना पोरांच्या कपाळाला लागू नये म्हणून. क्लबकडे बॉल दोनच होते, पण माझ्या काळात बॉल नाही म्हणून प्रॅक्टिस बुडाल्याचं मला आठवत नाही.

लेफ्ट बॅक, द्वारका
मी गॅरेजवर कामाला होतो. हाताला ग्रीस, पायात काही नाही. सरांनी मला घेतलं तेव्हा काही पालकांनी कुरकुर केली : असली पोरं आमच्या मुलांबरोबर नकोत. सरांनी त्यांना चहाला बोलावलं आणि नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारींची गोष्ट सांगितली. कोपऱ्यात बसून मीही ऐकली. कलकत्त्यात सर्वाधिकारींनी वेलिंग्टन क्लब काढला होता. मणी दास या कुंभाराच्या मुलाला घ्यायला सभासदांनी विरोध केला, तर त्यांनी तो क्लबच मोडला. मग शोभाबाजार क्लब काढला आणि त्यात मणी दासला घेतलं. त्याच शोभाबाजारनं १८९२ साली ट्रेड्स कपमध्ये ईस्ट सरे रेजिमेंटच्या गोऱ्यांना हरवलं. मोहन बागाननं गोऱ्यांच्या टीमला हरवून आयएफए शिल्ड ही स्पर्धा जिंकली, तो गाजलेला विजय १९११चा, म्हणजे त्यानंतर एकोणीस वर्षांनी.

सर म्हणाले, "मलाही क्लब मोडता येतो." पुढे कुणी काही बोललं नाही. पुढच्या रविवारी माझ्या पायात बूट होते. कुणाचे, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

क्लबची जुनी खेळाडू, आता पीटी शिक्षिका
जर्सी काकू धुवायच्या. हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही म्हणून लिहिते. अकरा चिखलाच्या जर्सी, तेही त्या भागात पाणी दिवसाआड यायचं तेव्हा. क्लबचं नाव सरांचं, पण निम्मा क्लब काकूंनी चालवला.

माजी कॅप्टन, सध्या पुण्यात
एका वर्षी सुब्रतो कपसाठी शाळेची टीम जायची होती. ती टीम बहुतेक आपल्याच पोरांची, म्हणून सर सोबत होते. आमचा सगळ्यात चांगला स्ट्रायकर वयात बसत नव्हता. कुणीतरी दुसरा दाखला 'आणून देतो' म्हणालं. सरांनी त्याचं नाव यादीतून काढलं आणि त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बसले. आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. तो मुलगा मात्र सरांना सोडून गेला नाही. आज क्लबची ज्युनिअर टीम तोच बघतो.

सर्वांत धाकट्या बॅचमधला
मी बार्सिलोनाची जर्सी घालून आलो होतो. सरांनी विचारलं, "क्लब काढला कुणी, माहितेय का?" मला मेस्सीच्या आधीचं काहीच माहीत नव्हतं. मग त्यांनी योआन गॅम्परबद्दल सांगितलं. हा मूळचा स्विस माणूस. ऑक्टोबर १८९९ मध्ये त्यानं खेळाडू हवेत म्हणून एका क्रीडापत्रात सूचना छापली आणि २९ नोव्हेंबरला क्लब उभा राहिला. अध्यक्ष मात्र दुसऱ्यालाच केलं, स्वतः कॅप्टन झाला. १९०८ मध्ये क्लब बंद पडायची वेळ आली तेव्हा मात्र अध्यक्षपद त्यानं स्वतःकडे घेतलं. सर म्हणाले, "सुरू करणारे खूप असतात. नऊ वर्षांनी परत येऊन उचलून धरणारा बघ."

आता कळतं, फंड संपले तेव्हा सरांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे का काढले ते.

धागाकर्ता
हे मलाही माहीत नव्हतं. सरांच्या हजेरीच्या वह्या काकूंनी माझ्याकडे दिल्या आहेत. सुरुवातीच्या दोन वह्या नाहीत. कुणाकडे असतील, निदान त्या वेळचे टीमचे फोटो असतील, तर रविवारी सातला प्रॅक्टिसला घेऊन या. तिथेच स्कॅन करून लगेच परत देतो.