जनरल थोरात लष्करप्रमुख झाले असते, तर १९६२चे चीनविरुद्धचे युद्ध वेगळे घडले असते का?

सह्यकडा
कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल शं. पां. थोरात यांचे नाव आपल्याकडे निघाले, तर ते दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईतील पराक्रमासाठी किंवा कोरियातील युद्धकैद्यांवर देखरेख ठेवणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख म्हणून निघते. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम पूर्व विभागाचे सेनापती असतानाचे आहे. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी नेफाच्या (आजच्या अरुणाचल प्रदेशच्या) संरक्षणाविषयी टिपण पाठवले आणि मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ हा युद्धसराव घेऊन दाखवून दिले, की सीमेवर विखुरलेल्या चौक्या टिकणार नाहीत. मुख्य फळी मागे, जिथे आपली रसद पोचते आणि शत्रूची ताणली जाते, तिथेच हवी. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते मनावर घेतले नाही. मावळते प्रमुख थिमय्या यांनी सुचवलेले थोरातांचे नावही बाजूला पडले आणि १९६१ मध्ये प्राणनाथ थापर लष्करप्रमुख झाले. ही निवड देशाला फार महागात पडली, असे माझे ठाम मत आहे.

दप्तरी
थोरातांविषयी मलाही नितांत आदर आहे, पण आपला निष्कर्ष पटत नाही. थापर सेवाज्येष्ठ होते, तेव्हा त्यांना डावलून थोरातांना आणणे हीच मर्जीतली नेमणूक ठरली असती. शिवाय टिपण आणि युद्धसराव या दोन्ही वेळी लष्करप्रमुख थिमय्याच होते. त्यांच्यासारख्या लोकप्रिय सेनानीला १९५९ मध्ये राजीनामा देऊन तो मागे घ्यावा लागला आणि मेनन जागचे हलले नाहीत. मग थोरातांचे तरी काय चालले असते? रस्ते, तोफा, थंडीचे कपडे या गोष्टी लष्करप्रमुखाच्या सहीने येत नाहीत.

सह्यकडा
साधनांबाबत आपले म्हणणे मान्य आहे. माझा रोख निर्णयावर आहे. २२ सप्टेंबर १९६२ रोजी सरकारकडून नेफाच्या सीमेवरून चिन्यांना हुसकावण्याचा आदेश आला, तेव्हा थापर यांनी तो लेखी मागितला आणि लेखी मिळताच पुढे पाठवला. हे जमणार नाही, हे त्यांना कळत होते, म्हणूनच तर त्यांनी कागद मागितला ना? त्या आदेशापायी ब्रिगेडियर दळवींची सातवी ब्रिगेड सीमेवरच्या नामका चू नदीच्या खोऱ्यात, वरच्या उतारावर बसलेल्या शत्रूसमोर उभी राहिली आणि २० ऑक्टोबरला एका सकाळीत मोडली. ज्याने अडीच वर्षांपूर्वी हेच नकाशावर मांडले होते, तो त्या दिवशी नकार देऊन पायउतार झाला असता.

रानवाट
व्यक्तीवर एवढा भार टाकू नये. थोरातांच्या जागी पूर्व विभागात आलेले एल. पी. सेन हे कांगॉला त्यांच्याच ब्रिगेडमध्ये, त्यांच्यासारखेच बटालियनचे नेतृत्व करून डीएसओ हे ब्रिटिश शौर्यपदक मिळवलेले शूर अधिकारी होते, तरीही १९६२ मध्ये त्यांना ती घसरण थांबवता आली नाही. आणि थोरातांनी नकार दिलाच असता, तर दुसरा आज्ञाधारक अधिकारी लगेच सापडला असता. मेनन यांच्या मर्जीतले लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल तर तयारच होते.

सह्यकडा
सापडला असता, हे खरे. पण लष्करप्रमुखाने भर सप्टेंबरात पद सोडले असते, तर संसदेत प्रश्न उठले असते आणि ‘लाल किला’चे निष्कर्ष नेहरूंसमोर लढाईनंतर नव्हे, लढाईआधी आले असते. माझ्या लेखी ते चार आठवडे मोलाचे होते.

दप्तरी
एवढे मी मान्य करतो. मात्र त्यासाठी थोरातांना प्रमुख करण्याची गरज नव्हती. त्यांचे टिपण मंत्रिमंडळाच्या संरक्षण समितीपुढे ठेवले असते, तरी पुरले असते.