शत्रू गावात, पदरात लेकरं: घर सांभाळणाऱ्या बायकांच्या कादंबऱ्या सुचवा

अंगणवेल

नमस्कार मंडळी. क्रिस्टिन हॅना यांची 'द नाइटिंगेल' नुकतीच वाचून संपवली. त्यातली धाकटी बहीण इझाबेल दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांना पिरनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये पोचवते, त्या भागाचं कौतुक सगळीकडे वाचलं होतं. मला मात्र थोरली व्हियान जास्त भिडली. नवरा जर्मनांच्या कैदेत, पदरात मुलगी आणि घरात मुक्कामाला आलेला जर्मन अधिकारी. रांगेत उभं राहून जे मिळेल ते पुरवून वापरायचं, बोलताना जीभ सांभाळायची, आणि पुढे मैत्रिणीच्या ज्यू मुलाला स्वतःचा म्हणून वाढवायचं.

अशा आणखी कादंबऱ्या हव्या आहेत. बाई बंदूक घेऊन लढायला जात नाही, पण परक्यांच्या अमलाखाली मुलं, म्हातारी माणसं आणि चूल सांभाळते. देश कुठलाही चालेल. हेरगिरीचा थरार नको. शत्रूच्या अधिकाऱ्यावर प्रेम जडतं आणि बाकी सगळं मागे पडतं, तेही नको.

एक अडचण सांगते. सासूबाईंना आता बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे संध्याकाळी मी इंग्रजी पुस्तकातून त्यांना मराठीत सांगत जाते. त्या मटार सोलता सोलता ऐकतात आणि मध्येच नेमका प्रश्न विचारतात. तेव्हा अंगावर येणारे प्रसंग असतील तर आधी कल्पना द्या. टाळायचंच असं नाही, पण मला तयारीने वाचायला बसता येईल.

रानवाट

सासूबाईंसोबत वाचताय म्हटल्यावर एकच नाव समोर आलं: इरेन नेमिरोव्स्की यांची 'स्वीट फ्रान्सेज'. त्यातला 'डोल्चे' हा दुसरा भाग म्हणजे जर्मनांच्या ताब्यातल्या एका फ्रेंच गावात, एका घरात राहणारी सासू आणि सून. सुनेचा नवरा युद्धकैदी. त्याचं तिच्यावर फारसं प्रेम नव्हतं हे दोघींनाही ठाऊक आहे. जर्मन यायच्या आधी घरातली चांदी, कागदपत्रं, पुस्तकं कुलपात जातात, तिथून भाग सुरू होतो. घरात उतरलेल्या अधिकाऱ्याकडे सून ओढली जाते, हे आधीच सांगून ठेवते, कारण तुम्ही ते नको म्हणालात. पण तो या गोष्टीचा कणा नाही. मला विचाराल तर कणा आहे सासू. दिवसभर सुनेवर डोळा ठेवणारी ही कडक बाई, एका शेतकऱ्याने जर्मन अधिकाऱ्याला गोळी घातल्यावर त्याला स्वतःच्या घरात लपवायला तयार होते. ज्या घरात जर्मन राहतो त्याच घरात! दोघी एकमेकींना न आवडताही त्या रात्री एका बाजूला उभ्या राहतात. दोघींचा समेट घडवून आणायचा मोह लेखिकेने टाळला आहे, म्हणून तो प्रसंग इतका खरा वाटतो.

आणि या पुस्तकामागची गोष्टही याच धाग्यातली आहे. नेमिरोव्स्की ज्यू होत्या. 1941-42 मध्ये ईसी-लेव्हेक या गावात हे लिहिताना कागदाची टंचाई होती, म्हणून त्यांनी मुंगीएवढ्या अक्षरात वही भरली. पाच भागांचा बेत होता, दोनच झाले. जुलै 1942 मध्ये त्यांना अटक झाली आणि ऑगस्टमध्ये आउशवित्झच्या छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला. काही महिन्यांत नवऱ्यालाही तिथेच मारलं. दोन लहान मुली एका सुटकेसमध्ये ती वही घेऊन लपत फिरल्या. ती आईची डायरी असेल, वाचायला सोसवणार नाही, अशा समजुतीने त्यांनी वर्षानुवर्षं ती वाचलीच नाही. पुढे थोरलीने अक्षर अन् अक्षर उतरवून काढलं आणि 2004 मध्ये कादंबरी छापून आली.

पहिला भाग पॅरिसमधून पळणाऱ्यांच्या लोंढ्याचा आहे, त्यात पात्रं खूप. ऐकणाऱ्याला नावं लक्षात ठेवणं जड जातं. सरळ 'डोल्चे'पासून सुरुवात करा, काही अडत नाही.

पेटीवाला

वाचून दाखवायला 'द गर्न्सी लिटररी अँड पोटॅटो पील पाय सोसायटी' उत्तम. सगळी पत्रंच आहेत, रोज दोन-तीन वाचावीत. 1940 ते 1945 गर्न्सी आणि इंग्लंड-फ्रान्समधली बाकीची चॅनेल बेटं जर्मनांच्या ताब्यात होती, तेव्हाची गोष्ट. एलिझाबेथ नावाच्या बाईला कैद करून नेतात आणि तिची लहान मुलगी शेजारीपाजारी मिळून वाढवतात. रक्ताची नसलेली माणसं कुटुंब होतात. बाकीच्या पुस्तकांपेक्षा हलकं आहे, पण एलिझाबेथचा शेवट दुःखद आहे.

सागरगोटा

मिन जिन ली यांची 'पाचिंको'. चार पिढ्यांची गोष्ट आहे. 1910 ते 1945 कोरिया जपानच्या ताब्यात होता.

रानवाट

@सागरगोटा, 'पाचिंको' मलाही प्रिय आहे, पण ती इथे बसते का? त्यातली नायिका सुंजा लग्नानंतर जपानमध्ये ओसाकाला जाते. आपल्या दारात आलेला शत्रू, असं तिथे नाही.

सागरगोटा

बसते. लिहितो सविस्तर.

सुंजाची आई बुसानजवळच्या बेटावर खानावळ चालवते. लेक लग्न होऊन परदेशी निघाली, तेव्हा आई वाण्याकडे जाते आणि थोडा पांढरा तांदूळ मागते. तांदूळ त्यांच्याच मातीत पिकतो, पण चांगला माल जपान्यांकडे जातो आणि गरीब कोरियन माणूस ज्वारी-बाजरीसारख्या धान्यावर दिवस काढतो. घर सोडायच्या आधी लेकीच्या तोंडाला आपल्या गावच्या भाताची चव लागावी, एवढीच तिची इच्छा. वाणी आढेवेढे घेतो, मग देतो. दोन माणसांच्या जेवणापुरता. परकी सत्ता म्हणजे काय, हे त्या मूठभर तांदळात मला जितकं कळलं तितकं लढाईच्या वर्णनात कळलं नव्हतं.

पुढे ओसाकात तिच्या पाद्री नवऱ्याला पोलीस पकडून नेतात. देवळात सम्राटासमोर वाकायची सक्ती असते आणि त्याच्या चर्चमधला एक जण तिथे ख्रिस्ती प्रार्थना पुटपुटताना सापडतो. मग सुंजा किमची या कोरियन लोणच्याची गाडी ढकलत स्टेशनबाहेर उभी राहते. थोरल्या दिराला घरच्या बाईने बाजारात ओरडून माल विकणं कमीपणाचं वाटतं, ती तरीही ओरडते. अंगणवेल, तुम्ही मागितलेलं हेच आहे ना?

अंगणवेल

हेच आहे! तांदळाचा प्रसंग तर सासूबाईंना आजच तोंडी सांगणार आहे. रेशनच्या रांगा त्यांनीही काढल्यात.

कवडसा

इटलीकडेही बघा. आल्बेर्तो मोराव्हिया आणि एल्सा मोरांते हे नवरा-बायको 1943 मध्ये रोम सोडून फोंदीजवळच्या डोंगरात काही महिने लपून राहिले होते. दोघांनीही पुढे त्या युद्धावर आई आणि लेकराची कादंबरी लिहिली, आणि दोन्ही एकमेकांपासून कितीतरी वेगळ्या.

मोराव्हियांची 'टू विमेन' 1957 ची. रोममधली दुकानदारीण चेझिरा तरुण मुलीला घेऊन डोंगरात जाते. ती संत नाही. तिला पैशाची ओढ आहे, काळ्या बाजारात कमावते, आणि लेकीला मात्र काचेच्या बरणीत ठेवल्यासारखी जपते. आधीच सांगतो: दोस्त सैन्य आल्यावर, म्हणजे सगळे सुटकेचा श्वास सोडत असताना, मुलीवर सैनिक अत्याचार करतात. इटलीत 1944 मध्ये अशा घटना खरोखर घडल्या होत्या. सासूबाईंना हा भाग वाचायच्या आधी विचारा.

मोरांते यांची 'हिस्टरी' 1974 ची आणि माझ्या मते दोन्हींतली मोठी. इडा ही रोममधली विधवा शिक्षिका. आई ज्यू, हे तिने लपवलंय. 1941 मध्ये एक जर्मन सैनिक तिच्यावर जबरदस्ती करतो, त्यातून उसेप्पे नावाचा मुलगा होतो. जुलै 1943 च्या बॉम्बहल्ल्यात सान लोरेन्झो भागातलं त्यांचं घर जातं, मग गर्दीच्या आसऱ्यात जागा धरून राहणं, आणि शेवटी पोरासाठी पीठ चोरण्यापर्यंत गेलेली ही भित्री शाळामास्तरीण. इडा कुठल्याच अर्थाने शूर नाही. ती कायम घाबरलेली असते आणि घाबरतच सगळं करते. शेवट फार वाईट आहे. मी आईला ही वाचून दाखवणार नाही, स्वतः मात्र पुन्हा वाचेन.

रंकाळा

कादंबरी नाही सुचवत, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. सप्टेंबर 1939 मध्ये पूर्व पोलंड सोव्हिएत सैन्याने घेतला आणि फेब्रुवारी 1940 पासून घरंच्या घरं गाडीत भरून सैबेरियाकडे धाडली. पुष्कळ ठिकाणी बाप आधीच अटकेत, त्यामुळे आई, आजी आणि मुलं एवढंच कुटुंब उरायचं. बायका लाकूडतोडीला जायच्या आणि सोबत आणलेले कपडे देऊन भाकरी-बटाटे घ्यायच्या. 1941 च्या पोलंड-सोव्हिएत करारानंतर सुटका झाली. कॅस्पियन समुद्र ओलांडून इराण, आणि तिथून त्यातले काही हजार आमच्या कोल्हापूरला! वळिवडे इथे 1943 ते 1948 पोलिश निर्वासितांची वसाहत होती, सुमारे पाच हजार माणसांची, आणि त्यात बहुतांश बायका-मुलंच. शहरात महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. तुम्ही वाचताय त्या बायकांपैकी काही खरोखर पंचगंगेच्या काठी येऊन राहून गेल्या. मराठीत यावर एक जाडजूड कादंबरी यावी असं मला फार वाटतं.

अंगणवेल

@रंकाळा, माझं माहेर इचलकरंजीचं आहे आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आता पुढच्या खेपेला स्मारक बघणार.

दुपारतिखट

उशिरा आले, तरी एक नाव टाकते. न्गुयेन फान क्वे माय यांची 'द माउंटन्स सिंग', 2020 ची. व्हिएतनाम. जपानी अंमल आणि 1945 चा दुष्काळ, मग जमीन सुधारणा, मग अमेरिकी बॉम्ब, असं सगळं एका आजीच्या आयुष्यातून जातं. आजी झ्येव लान नातीला आपली गोष्ट सांगते, म्हणजे मुळातच सांगण्या-ऐकण्याचं पुस्तक आहे. जमीनदार ठरवून गावकरी जिवावर उठतात, तेव्हा ती मुलांना घेऊन पायी हनोईकडे पळते. सगळ्यांना खाऊ घालणं शक्य नाही, म्हणून वाटेत एकेका मुलाला कुणाच्या तरी आधाराला सोडत जाते आणि परत न्यायला येईन म्हणते. मुलं जगावीत म्हणून त्यांच्यापासून दूर जायचं. मोठी झालेली मुलं तिला त्याबद्दल काय म्हणतात, तिथे पुस्तक खरं उंचीवर जातं. दुष्काळाच्या प्रकरणात आजीच्या आईचा मृत्यू आहे, तो क्रूर आहे.

अंगणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता ठरवलेला क्रम असा: 'डोल्चे', मग 'पाचिंको', मग 'द माउंटन्स सिंग'. गर्न्सीची पत्रं अधूनमधून, जड प्रकरणं झाली की. मोरांते मी एकटी वाचणार. 'टू विमेन'चं सासूबाईंना विचारलं, तो प्रसंगही सांगितला. त्या म्हणाल्या, "त्या पोरीचं पुढे काय झालं ते सांगणार असशील तर वाच."

@कवडसा, सांगते का ती कादंबरी?

कवडसा

सांगते. शेवटचा मोठा भाग त्याचाच आहे, आणि मायलेकी रोमला परत जातात. वाचा.