शब्दचर्चा : तुमच्या उपासाला वरणभात चालतो?

वसईकर

यंदा, म्हणजे २०२६ साली, महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला होती, आम्हा कॅथलिक ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार (ईस्टरच्या आधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस) १८ला, आणि रमजानचे रोजेही त्याच आठवड्यात सुरू झाले. ऑफिसात दुपारी डबे उघडले की सगळ्यांचं लक्ष एकमेकांच्या ताटात. बुधवारी माझ्या डब्यात वरणभात बघून शेजारचा म्हणाला, "तुझा तर आज उपास ना रे?" म्हटलं, हो. "मग भात?" चालतो. "अंडं?" चालतं. "मासे?" तेही चालतात. "मग उपास कसला, आमचं रोजचंच जेवण की!"

त्याचं काही चुकलं नाही. मराठीत ‘उपास’ म्हटलं की डोळ्यांसमोर साबुदाणा, वरी आणि राजगिऱ्याचे लाडू येतात. आमच्याकडे राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला दिवसातून एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा अगदी थोडकं. मटण-चिकन नाही. धान्यावर बंदी नाही, कांदा-लसणावरही नाही. म्हणजे तुमच्या उपासात प्रश्न ‘काय’ खावं हा, आमच्यात आधी ‘किती’ आणि मग ‘काय’. शब्द मात्र दोघांचा एकच. आमच्या मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत), बायबलच्या शास्त्रपाठात, घरात आजीच्या तोंडी, सगळीकडे ‘उपास’च. हा शब्द आमच्या अर्थाने वापरणं बरोबर आहे ना? की वेगळा शब्द हवा?

सदाशिव पेठ

वेगळा कशाला? मूळ शब्दात साबुदाणा कुठे आहे? उप + वस्, जवळ राहणे. यज्ञाच्या आदल्या दिवशी यजमान अग्नीजवळ राहायचा आणि खाण्यापिण्याचे नियम पाळायचा, तो उपवसथ. बौद्धांचा ‘उपोसथ’ आणि जैनांचा ‘पौषध’ त्याच घरातले. अन्न सोडणं हा अर्थ नंतर चिकटला, आणि फराळाची यादी तर फारच नंतर.

त्या यादीबद्दल एक सांगतोच. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, साबुदाण्याचं कंदमूळ, सगळं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज जहाजांच्या काळात इकडे आलं. ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजच. आमच्या आजीच्या सोवळ्यातल्या खिचडीत निम्मा माल परदेशी असतो, हे तिला सांगायची हिंमत घरात कोणाची झाली नाही.

ता. क. ‘उपास’ आणि ‘उपासना’ एका धातूचे समजू नका. उपासनेत आस्, म्हणजे बसणे. दोघं शेजारी राहतात, नात्यातले नाहीत.

मडगावची

आमच्या कोंकणीत राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या या सगळ्या काळाला ‘करेज्म’ म्हणतात. पोर्तुगीज क्वारेज्मावरून, त्याच्या मागे लॅटिनचा ‘चाळिसावा’. म्हणजे गोव्याने आकडा ठेवला. वसईला काय म्हणतात?

वसईकर

प्रायश्चित्तकाळ. किंवा सरळ उपासकाळ. बोलताना इंग्रजी ‘लेंट’ही येतं, मुंबईला नोकरी करणाऱ्या पिढीच्या तोंडी जास्त. आकड्याचं म्हणाल तर तो गमतीदार आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलंत तर ४६ दिवस भरतात. त्यातले ६ रविवार वजा करायचे, कारण रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा वार, त्या दिवशी उपास नाही. उरले ४०. येशूने अरण्यात काढलेले ४० दिवस.

‘राखेचा बुधवार’ या शब्दावर थोडं लिहितो, कारण काही ठिकाणी ‘भस्म बुधवार’ही छापतात आणि मला ते पटत नाही. भस्म म्हटलं की मराठी माणसाला विभूती आठवते, शंकर आठवतो, अंगाला लावून तेज येणारी वस्तू आठवते. राख म्हणजे चुलीतली, राखरांगोळीतली. आमच्याकडे आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) घरी नेलेल्या झावळ्या लोक परत आणून देतात. वर्षभर क्रूसामागे नाहीतर तसबिरीमागे खोचून ठेवलेल्या, वाळून पिवळ्या पडलेल्या, कुणी त्यांचा छोटा क्रूस विणलेला. त्या जाळून राख करतात. फादर अंगठा राखेत बुडवून कपाळावर क्रूस काढतात आणि ‘तू माती आहेस आणि मातीला मिळशील’ हे बायबलातल्या उत्पत्तीच्या ३ऱ्या अध्यायातलं वाक्य म्हणतात, किंवा मार्कमधलं ‘पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा’. पहिलं वाक्य ऐकताना ‘भस्म’ कानाला खटकतं. तिथे राखच हवी.

आणि गंमत अशी की त्याच मिस्सेत वाचतात मत्तयचा ६वा अध्याय : उपास करता तेव्हा ढोंग्यांसारखं तोंड पाडून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका. हे ऐकायचं आणि कपाळावर काळा क्रूस घेऊन विरार लोकलमध्ये चढायचं! दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "अहो, कपाळाला काहीतरी लागलंय." काही जण स्टेशनात येईपर्यंत रुमालाने पुसून टाकतात. ढोंग नको म्हणून की लाज वाटते म्हणून, ते त्यांचं त्यांना माहीत.

नगरकर

आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्या मंडळीत तुमच्यासारखा कपाळाला राख लावायचा विधी नाही. ईस्टरच्या आधीच्या आठवड्याला ‘दुःखसहन सप्ताह’ म्हणतो, हा शब्द मला फार आवडतो. आणि आमच्याकडे ‘उपास-प्रार्थना’ असा जोडशब्दच रूढ आहे. "शुक्रवारी उपास-प्रार्थना आहे" म्हणजे मंडळी जमणार, जेवण नाही, प्रार्थना चालणार. एकट्याने घरी केलेल्या उपासाला सहसा कुणी हा शब्द वापरत नाही. आमच्याकडे तो सभेचाच प्रकार.

सदाशिव पेठ

क्रियापदं बघा, मजा त्यांच्यात आहे. उपास धरतात, करतात, पाळतात. सोडतात तेव्हा तो रीतसर संपतो, मोडतात तेव्हा पाप लागतं. ‘उपास घडला’ म्हणजे डबा घरी विसरला. आणि ‘उपास काढले’ म्हणजे घरात दाणा नव्हता.

वसईकर

हे शेवटचं फार नेमकं सांगितलंत. बायबलातल्या यशयाच्या ५८व्या अध्यायात लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपास केला, तुझं लक्ष कुठे आहे? देवाचं उत्तर असं की उपासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना राबवून घेता, भांडता. मला हवा तो उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं, बेघराला घरात घेणं. हा पाठ राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी मिस्सेत वाचतात. मराठीत तो वाचताना तुमची दोन क्रियापदं समोर ठेवली की सगळं लख्ख होतं : एक उपास ‘करतो’ आहे, त्याच गावात दुसरा उपास ‘काढतो’ आहे. या काळात घराघरांतून गरिबांसाठी दानपेटी ठेवतात, ती याच्यासाठीच. चिकनचे वाचलेले पैसे पेटीत गेले नाहीत तर ती नुसती काटकसर.

हल्ली वेदीवरून ‘त्याग’ शब्द जास्त ऐकू येतो. मोबाइलचा त्याग, सिरियलचा त्याग, ४० दिवस दारूचा त्याग. हेतू चांगला, पण शब्द मोठा वाटतो. त्याग संन्याशाने करावा. माणसं आपसात म्हणतात "मी चहा सोडलाय ईस्टरपर्यंत", आणि तेवढंच पुरे आहे.

मडगावची

करेज्मातल्या शुक्रवारी मटण नाही आणि सुरमई चालते, यात किनारपट्टीवरच्या माणसाने सोडलं काय? आमच्या घरी तर करेज्मात मासळीवर खर्च वाढतो!

वसईकर

हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्याचा आहे. नियम गरम रक्ताच्या प्राण्यांच्या मांसाचा, आणि तो बनला तिथे मांस ही चैन होती. आमच्याकडे उलटं. म्हणून घरातले जुने लोक शुक्रवार ‘पाळतात’ तेव्हा मासेही घेत नाहीत, वालाची उसळ आणि भात. कोणी सांगितलेलं नाही, आपणच लावून घेतलेलं.

एक जुनी आठवणही या शब्दाशी जोडलेली आहे. पूर्वी ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) घ्यायचा तर मध्यरात्रीपासून काही खायचं नाही, पाणीसुद्धा नाही. तुमच्या भाषेत निर्जळी. म्हणून पहाटेच्या मिस्सेला गर्दी. १९५३ साली पाण्याची मुभा मिळाली, १९५७ साली उपास ३ तासांवर आला आणि १९६४पासून फक्त १ तास. आजही आमच्याकडचे म्हातारे लोक रविवारी मिस्सा होईपर्यंत चहा घेत नाहीत. "उपासाने जायचं" म्हणतात ते याला, लेंटशी त्याचा संबंध नाही.

नगरकर

मग मूळ प्रश्नाचं काय ठरलं?

वसईकर

उपास शब्द ठेवायचा. मांस सोडण्याला वेगळा शब्द हवा असेल तर ‘मांसवर्ज्य’ आहेच. १४ वर्षांपुढच्या सगळ्यांना मांसवर्ज्य, आणि उपास १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. आजारी माणसाला आणि गरोदर बाईला सूट. दोन्ही गोष्टींना ‘उपास’च म्हटलं की घरात भांडण लागतं : सोळा वर्षांचा पोरगा म्हणतो मला उपास नाही, म्हणजे बर्गर चालेल!

सदाशिव पेठ

आणि ऑम्लेट? ऑफिसातल्या मित्राला काय सांगायचं ते पक्कं कळू द्या.

वसईकर

आमच्या चर्चच्या १९६६च्या नियमात अंडी, दूध-लोणी यांना मोकळीक आहे. ऑम्लेट-पाव चालतो. फक्त राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला एकच पाव घ्या, दुसरा शेजाऱ्याला द्या.