मदत हवी आहे: तुर्कानातल्या शाळेसाठी परवडणारं इंटरनेट

नमस्कार मंडळी, मी नैरोबीत असते, उत्तर केनियातल्या तुर्काना भागात लोडवार शहराच्या पुढे एक प्राथमिक शाळा आहे, तिथं फायबर नाही, रेंज टेकाडावर चढल्यावर येते आणि वीज फक्त सोलरची. स्टारलिंक (उपग्रहावरून मिळणारं इंटरनेट) केनियात २०२३ पासून आहे, पण डिश कुणी देणगीत दिली तरी दर महिन्याचं बिल शाळेला झेपत नाही, खरी अडचण तीच. युनिसेफ आणि आयटीयू (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था) यांच्या, शाळांना इंटरनेटशी जोडणाऱ्या गिगा प्रकल्पाकडे शाळा थेट जाऊ शकते की सरकारमार्फतच? तोपर्यंत रास्पबेरी पाय या एका बोर्डवरच्या छोट्या कॉम्प्युटरवर किविक्स (इंटरनेटशिवाय वेबसाइट वाचायचं सॉफ्टवेअर) टाकून ऑफलाइन विकिपीडिया द्यावा म्हणतेय, स्वाहिलीतलाही मिळतो. पण तिथल्या उन्हात, धुळीत तो बोर्ड टिकेल का, आणि दिवसभर चालवायला बॅटरी केवढी लागेल? कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा, पोरं फार हुशार आहेत हो.