जुन्या जीपला डायनामोऐवजी अल्टरनेटर: किती अँपिअरचा घ्यावा आणि वायरिंग कसे करावे?

प्रश्न:
माझ्या पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या महिंद्रा सीजे ३बी जीपमध्ये मूळ डायनामो (बॅटरी चार्ज करणारे जुने जनित्र) आणि त्याचे व्होल्टेज काबूत ठेवणारा कटआउटचा रेग्युलेटर अजून शाबूत आहे. रात्री इंजीन मंद फिरत असले की हेडलाइट पिवळे पडतात, म्हणून त्याच कामाचा नवा प्रकार, म्हणजे अल्टरनेटर बसवायचा आहे. दुकानदार ९० अँपिअरचा सुचवतो. तो योग्य ठरेल का, आणि जुन्या वायरी चालतील का?

उत्तर १:
एवढ्या मोठ्याची गरज नाही. ५५ वॅटचे दोन हेडलाइट, मागचे व ब्रेकचे दिवे, वायपर आणि इग्निशन कॉइल मिळून भार पावणेतीनशे वॅटच्या आसपास, म्हणजे सुमारे २० अँपिअर होतो. आत रेग्युलेटर असलेला ३५ अँपिअरचा अल्टरनेटर त्याला पुरून उरतो. मात्र गाडी ६ व्होल्टची नाही ना आणि बॅटरीचे कोणते टोक बॉडीला अर्थ केले आहे, हे आधी तपासा, कारण धन टोक अर्थ असलेल्या गाडीत आजचा अल्टरनेटर तसाच जोडला तर त्यातील डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) क्षणात जळतात. अर्थिंग बदलावे लागले, तर कॉइलच्या दोन बारीक वायरींचीही अदलाबदल करावी.

उत्तर २:
पुली फॅनबेल्टच्या रेषेत येते का, तेही पाहा. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी सोडवा आणि जुना रेग्युलेटर वायरिंगमधून पूर्णपणे काढून टाका. अल्टरनेटरच्या बी प्लस टोकापासून (चार्जिंगचा मुख्य प्रवाह देणारे टोक) किमान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर बॅटरीच्या धन टोकाला न्यावी व बॅटरीजवळ ५० अँपिअरचा फ्यूज बसवावा. डायनामोची जुनी वायर येथे मुळीच वापरू नये. डी प्लस या दिव्यासाठीच्या टोकाची बारीक वायर चार्जिंगच्या दिव्यातून इग्निशन स्विचला जोडावी. हा दिवा ३ वॅटचा, तारेच्या (फिलामेंटच्या) बल्बचाच हवा. त्यातून जाणाऱ्या प्रवाहानेच अल्टरनेटर जागा होतो आणि एलईडीतून तेवढा प्रवाह जात नाही.

प्रश्नकर्ता:
सविस्तर माहितीबद्दल दोघांचेही आभार. डॅशबोर्डवरील अँमीटर (प्रवाह मोजणारा काटा) ठेवता येईल का?

उत्तर २:
ठेवता येईल, परंतु चार्जिंगची वायर त्यातून नेऊ नका. अशा जोडणीत तो फक्त गाडीचा भार दाखवील, म्हणून शेजारी व्होल्टमीटर लावा; इंजीन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक आहे. चालू इंजिनावर बॅटरीचे टोक काढून चार्जिंग पाहण्याची जुनी पद्धत मात्र कटाक्षाने टाळा, कारण त्या वेळी उसळणाऱ्या व्होल्टेजने डायोड आणि रेग्युलेटर दोन्ही निकामी होऊ शकतात.