फॅमिली ग्रुप: ख्रिसमसचं सँडविच कुठलं घेऊ?

पिंकी (लीड्स): कोणी जागं आहे का? एक फालतू प्रश्न आहे 😅 आमच्या लॅबमध्ये शुक्रवारी सगळे मिळून ख्रिसमस सँडविच मागवतायत, मला लिंक पाठवलीये आणि म्हणतात तुझं तू निवड. आता यादीत सगळीकडे तेच तेच, टर्की स्टफिंग क्रॅनबेरी, ब्री क्रॅनबेरी, पिग्ज इन ब्लँकेट्स, मग एक व्हेगन. इथे तर नोव्हेंबर लागला तेव्हापासून दुकानात हेच रचून ठेवलंय. काय घेऊ?

बाळूकाका: ख्रिसमसला सँडविच? केक नाही का देत?

पिंकी (लीड्स): केक पण आहे काका, पण तो मॅडम आणणारेत. सँडविच आपल्या पैशाने.

माईआत्या: ते पिग्ज म्हणजे सरळ डुक्करच का गं?

वैजूताई (लंडन): हो आत्या, बारकी सॉसेजेस असतात त्यांना बेकनची पट्टी गुंडाळून भाजतात. पिंकी थांब, काही ऑर्डर करू नको, मी ट्रेनमध्ये आहे, नीट लिहिते.

बाळूकाका: आता वाचा निबंध. बाई सँडविचच्या फॅक्टरीत क्वालिटीला होत्या.

वैजूताई (लंडन): होतेच मुळी. तर ऐक. इथे पंचवीस तारखेला दुपारी जे जेवण असतं, म्हणजे भाजलेली टर्की, ब्रेडचा चुरा कांदा आणि सेजची वासाची पानं घालून केलेलं स्टफिंग, ग्रेव्ही, क्रॅनबेरीचा आंबटगोड सॉस, ती सॉसेजेस, ब्रसेल्स स्प्राउट्स, ते सगळं ताट यांना दोन स्लाइसच्या मध्ये कोंबायचं असतं. आणि गडबड तिथेच होते. ताटात ते गरम असतं, वर ग्रेव्ही असते. सँडविच फ्रिजमधलं. इंग्लंडमध्ये कायद्याने असला माल ८ डिग्रीच्या आत ठेवावा लागतो, आम्ही तर ५ च्या आसपास ठेवायचो, आणि एवढ्या थंडपणात चव मरते. टर्कीच्या छातीचं मांस मुळातच कोरडं, त्यात थंड, मग खाताना नुसतं चावत बसायचं. म्हणून कंपन्या मेयो ओततात. मग ते गिळगिळीत होतं म्हणून तळलेला कांदा टाकतात. मग गोड कमी वाटतं म्हणून क्रॅनबेरी वाढवतात. शेवटी जॅम सँडविचमध्ये कोंबडी सापडल्यासारखं लागतं.

बाळूकाका: 😂😂

पिंकी (लीड्स): मग चांगलं कसं ओळखायचं, बाहेरून तर सगळी सारखीच दिसतात

वैजूताई (लंडन): पाकीट उलटं कर. मागे प्रत्येक मुख्य गोष्टीची टक्केवारी लिहिलेली असते, टर्की किती ते बघ, आणि मांसाच्या पुढे फॉर्म्ड असं लिहिलं असेल तर ते तुकडे दाबून चिकटवून केलेलं असतं, ते ठेवून दे. दुसरं म्हणजे आंबट काय आहे ते शोध. लाल कोबीचं लोणचं, मोहरीचा सॉस, व्हिनेगरमधला कांदा, काहीही चालेल पण एक आंबट पाहिजेच, थंड मांसाला आंबट आणि मीठ याच्याशिवाय कोणी उठवू शकत नाही. तिसरं, ब्रेड. पांढरा मऊ ब्रेड असेल तर दुपारपर्यंत लगदा. धान्याचे तुकडे असलेला तो तपकिरी माल्टेड ब्रेड घे.

शोभाकाकू: लोणी लावत नाहीत का गं ब्रेडला? आपल्याकडे रस्त्यावरचा सँडविचवाला बघ, आधी कडेपर्यंत लोणी, मग चटणी, म्हणजे काकडी टोमॅटोचं पाणी पावात उतरत नाही.

वैजूताई (लंडन): काकू अगदी बरोबर, तेच शास्त्र आहे. लोण्याचा किंवा मेयोचा थर दोन्ही बाजूंना, मधे एक बोटभर जागा सुटली तरी तिथून पाणी शिरतं. फॅक्टरीत रात्रभर सँडविच बनतात, पहाटे ट्रकात जातात, दुकानात दीड-दोन दिवस बसतात, तर एवढा वेळ ब्रेड टिकवायचाय. म्हणून तर तळलेला कांदा मला आवडत नाही पाकिटातल्या सँडविचमध्ये. मिसळीवरची शेव तासभर आधी टाकून ठेवली तर काय होईल, तेच त्याचं होतं. दुकानात सकाळी बनवून दुपारी विकतात तिथे ठीक. प्रेट म्हणून इथली सँडविच-कॉफीच्या दुकानांची साखळी आहे, त्यांचं टर्कीवालं त्याच पद्धतीचं असतं, स्टफिंग, पालक, कुरकुरीत कांदा, त्यांची किचन्स दुकानातच असतात म्हणून जमतं.

आबा: 🌹🙏 शुभ सकाळ. रोज अर्धा तास चाला, औषधाला पळवा. 🌹

बाळूकाका: आबा, रात्रीचे साडेआठ झालेत.

आबा: लंडनला काय वाजलेत

वैजूताई (लंडन): दुपारचे तीन आबा. तुम्ही जेवलात का?

आबा: जेवलो. पिठलं भात.

माईआत्या: पिंकी तू ते टर्की वगैरे खातेस? आईला माहितीये?

पिंकी (लीड्स): आत्याा 🙈 चिकन खातेच की मी. टर्की म्हणजे मोठी कोंबडीच ना

वैजूताई (लंडन): चिकन खाणाऱ्यांसाठी एक सूचना, टर्कीच्या सँडविचमध्ये बेकन असतंच असं धरून चाल. नावात नसलं तरी आत असतं, स्टफिंगमध्येसुद्धा बऱ्याचदा डुकराचं मांस मिसळलेलं असतं. पूर्ण यादी वाच. इथे १४ अ‍ॅलर्जीचे पदार्थ ठळक अक्षरात छापावे लागतात, दुकानात बनवून पॅक केलेल्या मालावरसुद्धा ऑक्टोबर २०२१ पासून पूर्ण यादी सक्तीची आहे, पण डुक्कर त्या १४ मध्ये येत नाही, ते साध्या अक्षरात कुठेतरी दडलेलं असतं.

पिंकी (लीड्स): बाप रे. मग ब्री क्रॅनबेरी घेऊ? ते व्हेज आहे.

माईआत्या: ब्री म्हणजे चीज ना, त्यात वासराच्या पोटातलं काहीतरी घालतात असं मी वाचलंय.

वैजूताई (लंडन): रेनेट. हो, पारंपरिक ब्रीमध्ये तेच असतं, पण सुपरमार्केटच्या सँडविचवर व्हेजिटेरियन अशी खूण असेल तर दुसरं वापरलेलं असतं. खूण बघून घे. पण चवीचं म्हणशील तर ब्री-क्रॅनबेरी माझ्या मते सगळ्यात आळशी सँडविच आहे. ब्री मऊ, सॉस गोड आणि मऊ, ब्रेड मऊ. दाताला काही कामच नाही. त्यात अक्रोड किंवा ती कडवट रॉकेटची पानं असतील तर घे, नाहीतर नको.

शोभाकाकू: आमच्या वसईत शेजारच्या बाई ख्रिसमसला सँडविच करतात ते बघा एकदा. हिरवी चटणी, पण खोबरं आणि लिंबू जास्त, मिरची बेताची, कडा कापून छोटे त्रिकोण, आणि ताटात रचून वर ओला पिळलेला फडका टाकतात, संध्याकाळी पाहुणे येईपर्यंत पाव सुकत नाही. एका ताटात चटणीचे, दुसऱ्यात ते मांसाचे. आम्हाला चटणीचं ताट नेवऱ्या आणि कुलकुलांबरोबर येतं दरवर्षी.

नंदूदादा (मेलबर्न): काकू मांसाचे म्हणजे टंग ना!! जीभ! मी खाल्लंय बांद्र्याला मित्राकडे. काय लागतं राव

माईआत्या: ईईई. जीभ?

शोभाकाकू: हो वन्सं, म्हशीची. नोव्हेंबर संपता संपताच तयारी सुरू होते त्यांची. सगळीकडून टोचून मीठ, लिंबाचा रस आणि सोरा, म्हणजे मांस खारवायचा क्षार, चोळतात, वर वजन ठेवतात, रोज उलटसुलट करतात. मग उकडून वरची साल काढायची आणि गार झाल्यावर अगदी पातळ कापायचं. सोऱ्यामुळे गुलाबी रंग राहतो. पावाला लोणी आणि मोहरी, बाकी काही नाही. मी खात नाही पण त्या सांगतात ते ऐकलंय ना इतक्या वेळा.

बाळूकाका: मी खातो.

शोभाकाकू: अहो तुम्ही कधी खाल्लंत??

बाळूकाका: विषय बदला.

वैजूताई (लंडन): 😂 पण काकू, हे खरं ख्रिसमस सँडविच. लोणी, मोहरी, एक मांस. थंड खायचं म्हणूनच बनवलेलं, आधीच खारवलेलं, त्यामुळे गार झाल्यावर चव उतरतच नाही. टर्की ही गरम खायची गोष्ट आहे, तिला ओढून थंड सँडविचमध्ये आणली की मग तिला वाचवायला दहा गोष्टी लागतात.

नंदूदादा (मेलबर्न): आमच्याकडे म्हणूनच हॅम, खारवलेलं डुकराचं मांस. इथे ख्रिसमस भर उन्हाळ्यात, कोण ओव्हन लावून बसणार, हाडासकट हॅमची अख्खी तंगडी आणतात लोक, वर मोहरी आणि ब्राऊन शुगर लावून भाजतात, मग ती आठवडाभर पुरते. सुती पिशवी मिळते खास, पाणी आणि व्हिनेगरमध्ये भिजवून पिळायची, त्यात हॅम गुंडाळून फ्रिजमध्ये, म्हणजे कोरडं पडत नाही. आणि २६ ला सकाळी तेच हॅम, मोहरी, साधा ब्रेड, आणि टीव्हीवर बॉक्सिंग डे टेस्ट.

बाळूकाका: २०२० ची!! अ‍ॅडलेडला ३६ ऑल आउट, कोहली घरी आलेला, आणि मग आपला अजिंक्य मेलबर्नला कॅप्टन, ११२ मारले, ८ विकेट्सनी जिंकलो. पहाटे पाचला उठून बघितलंय.

नंदूदादा (मेलबर्न): मी स्टेडियममध्ये जाणार होतो, कोव्हिडमुळे तिकिटं कमी होती, नाही मिळालं. घरीच हॅम सँडविच खात बघितली. त्या दिवशी टर्की दिली असती तरी गोड लागली असती.

आबा: गावस्करने मेलबर्नला वॉकआउट केला होता ते साल कुठलं

बाळूकाका: १९८१ आबा.

आबा: बरोबर.

पिंकी (लीड्स): अहो क्रिकेट नको, माझं सँडविच!! चार वाजेपर्यंत नाव टाकायचंय

वैजूताई (लंडन): सांगते. गरम मिळतंय का त्या यादीत? टोस्टी वगैरे?

पिंकी (लीड्स): आहे, टर्की टोस्टी, पण महाग आहे.

वैजूताई (लंडन): असणारच, थंड सँडविच बांधून नेलं तर व्हॅट शून्य, गरम करून दिलं की २० टक्के. म्हणून तर इथे सगळं राष्ट्र डिसेंबरात थंडगार सँडविच खात बसतं, बाहेर अंधार आणि पाऊस असताना. पण यासाठी मी व्हॅट देईन. गरम झालं की स्टफिंगचा वास सुटतो, चीज असेल तर वितळतं, टर्कीसुद्धा माणसात येते. फक्त बेकन आहे का ते विचार.

माईआत्या: पण मला कळत नाही, स्टफिंग म्हणजे ब्रेडचा चुरा, तो परत ब्रेडमध्ये?

वैजूताई (लंडन): आत्या, आपण बटाटावडा पावात घालतोच की. उलट स्टफिंगच सगळ्यात महत्त्वाचं, कांदा, सेज, मीठ, तूप सगळं त्यातच, ते काढलं तर उरतं काय. गार झाल्यावर त्याची वडीसारखी कापटी निघते, ती जाड ठेवायची आणि टर्की कमी. दुकानवाले बरोबर उलटं करतात, स्टफिंगचा एक पुसट थर देतात.

पिंकी (लीड्स): तू घरी करतेस का ताई?

वैजूताई (लंडन): २६ ला, नेहमी. पंचवीसला लंडनमध्ये ट्यूब म्हणजे मेट्रो बंद, बस बंद, मोठी दुकानं कायद्याने बंद, कुठे जाता येत नाही, सगळे घरी खाऊन लोळतात. दुसऱ्या दिवशी उरलेल्याचं सँडविच, ते या पाकिटातल्या सगळ्यांचं मूळ. कंपन्या त्याचीच नक्कल करतात, फक्त तुझ्या घरी २६ ला मांडीचं मांस उरलेलं असतं, जे काळपट आणि रसाळ असतं, आणि त्यांच्याकडे छातीचं. मी ब्रेडला लोणी, मग मांडीचं मांस हाताने तोडून, त्यावर चमचाभर गरम ग्रेव्ही, हो गरमच, थंड मांसावर गरम ग्रेव्ही ओतून लगेच खायचं. स्टफिंगची कापटी. आणि क्रॅनबेरी अजिबात नाही, पिकॅलिली.

माईआत्या: ते काय आता

वैजूताई (लंडन): फ्लॉवर, कांदा, काकडी, मोहरी आणि हळदीत. इंग्रजांनी अठराव्या शतकात आपल्या लोणच्याची नक्कल करायला घेतली आणि जमेल तसं केलं. तेल नाही, व्हिनेगर. आत्या तुम्ही चाखलंत तर म्हणाल मुरलेलंच नाही. पण टर्कीबरोबर दुसरं काही इतकं चांगलं लागत नाही. गेल्या वेळी तुम्ही पाठवलेलं लिंबाचं गोड लोणचं घातलं होतं, ते याच्याहून भारी लागलं, नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांनी डबा संपवला.

माईआत्या: माझं लोणचं टर्कीबरोबर??

बाळूकाका: माई, आता तू एक्सपोर्टर झालीस.

माईआत्या: पुढच्या वेळी पाठवत नाही. 😤 किती पाहिजे सांग.

शोभाकाकू: वैजू, ते पेरूचं चीज असतं ना गोव्याचं, पेराद, नावाला चीज पण खरं तर पेरूची गोड वडी, ते त्या ब्रीबरोबर घालून बघ की. क्रॅनबेरीपेक्षा घट्ट असतं, पाणी सुटणार नाही.

वैजूताई (लंडन): काकू!! हे डोक्यातच आलं नव्हतं. ब्राझीलमध्ये पेरूची वडी आणि चीज असंच खातात, पोर्तुगीजांकडचंच दोन्ही. आंबट थोडं कमी पडेल, त्याला मिरपूड आणि लिंबू मारते. हे ट्राय करणार.

पिंकी (लीड्स): झालं, नाव टाकलं. बेकन नसलेली टोस्टी नव्हती म्हणून व्हेगन घेतलं, भाजलेलं गाजर, स्टफिंग, लाल कोबीचं लोणचं आणि माल्टेड ब्रेड. आंबट आहे, ब्रेड बरोबर आहे. थोडे पैसे बेघर लोकांच्या संस्थेला जातात असं पण लिहिलंय.

वैजूताई (लंडन): उत्तम निवड. ख्रिसमसचं व्हेगन सँडविच बऱ्याचदा टर्कीपेक्षा चांगलं निघतं, कारण त्यात कोरडं मांस वाचवायची धडपड नसते. फ्रिजमधून काढलंस की वीसेक मिनिटं टेबलावर राहू दे मग खा.

माईआत्या: बघा, शेवटी शाकाहारीच.

बाळूकाका: नंदू, या वर्षी तिकिटं काढलीस का?