अनुभव धागा: बालवाडीत ‘गप्प बसा’च्या जागी काय?

पर्यवेक्षिका, अमरावती जिल्हा

तीन ते सहा वर्षांची पंचवीस-तीस लेकरं, एकच खोली, वर टिन, खाली फरशी. कल्ला असा चढतो की दुपारपर्यंत सेविकेचा घसा बसतो. ‘गप्प बसा’ दोन मिनिटं टिकते. कोणत्या वेळी किती आवाज लागतो हे लेकरांना शिकवायचं कसं, ते लिहा. साहित्य काय, वेळ किती, कुठे फसते. हकिकती नकोत, दुसऱ्या ताईला उद्या करता येईल असं लिहा.

सेविका, दर्यापूर तालुका

ताई, आपली लेकरं उद्धट म्हणून मोठ्यानं बोलत नाहीत. शेताच्या या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्या धुऱ्यावर हाळी द्यायला तोच आवाज लागतो, आणि घरी तो ऐकतच ती वाढतात. मोठा आवाज वाईट, असं शिकवू नका. त्याची जागा शिकवा.

चार आवाज पुरतात. कानगोष्टीचा म्हणजे हात लांब केला की ज्याला लागतो, फक्त त्यालाच ऐकू यावा. टाटपट्टीचा, म्हणजे एका पट्टीवरच्या पाच-सहा जणांना. गाण्याचा साऱ्या खोलीला. आणि धुऱ्याचा, तो फक्त अंगणात.

सुरुवात मोठ्यापासून करा. पहिला आठवडा फक्त धुऱ्याचा: बाहेर वीस पावलांवर दोन रांगा, एकानं नावानं हाळी द्यायची, दुसऱ्यानं ‘ओ’ म्हणायचं. दुसऱ्या आठवड्यात एकदम कानगोष्ट. दोन टोकं कळली की मधले दोन तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घ्या. रोज पाच मिनिटं, प्रार्थनेनंतर. वाक्य एकच ठेवा, ‘माझ्या डब्यात पोळी आहे’, तेच चार आवाजांत. वाक्य बदललं की लेकरू शब्दांत अडकते अन् आवाज विसरते.

आवाज किती ते दाखवणारे शून्य ते चार आकड्यांचे तक्ते लावू नका. तीन वर्षांच्या लेकराला चार म्हणजे जास्त हे पक्कं नसते. ज्याला असते तो चारचाच आवाज काढून दाखवतो. कुजबुजही दोन मिनिटांच्या वर नको. लेकरं घसा दाबून फुसफुसतात, घसा ताणला जातो अन् त्या फुसफुशीचाच कल्ला होतो.

निवृत्त शिक्षक, यवतमाळ जिल्हा

वरचं सगळं बरोबर, पण अर्धा दोष खोलीचा असतो. रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवा. टाळी थांबल्यावरही मागे टण्णकन शेपूट ऐकू आलं, तर त्या खोलीत कोणतीही युक्ती अर्धीच चालेल. टिन, फरशी, रंगवलेली भिंत; आवाज फिरत राहतो. आणि गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये हे दाखवलं होतं. एक पोट्टं चढवते, शेजारचं त्याच्यावर चढवते, मग बाई दोघांवर.

उपाय गावात आहे. धुतलेले बारदाने घ्या, दोन-दोन एकत्र शिवून आत जुनी लुगडी, फाटक्या गोधड्या भरा. भिंतीला चिकटवू नका. सुतळी ताणून भिंतीपासून चार बोटं सोडून टांगा. मागे हवा राहिली की आवाज जास्त शोषला जातो. एकमेकांसमोरच्या दोन भिंतींपैकी एकीवर लावलं तरी फरक पडतो. खाली नुसत्या टाटपट्टीपेक्षा जाड सतरंजी बरी. अंड्यांचे ट्रे लावतात लोक, त्यानं जवळपास काहीच होत नाही. थर्माकोल तर नकोच, तो आवाजही शोषत नाही आणि लवकर पेटतो. बारदानेही चूल-गॅसपासून लांब टांगा आणि दर आठवड्याला बाहेर काढून झटका. पावसाळ्यात विंचवाला तीच जागा आवडते.

मदतनीस, अचलपूर तालुका

खिचडीची वेळ कोनी लिहिली नाही. सर्वात जास्त कल्ला तेव्हाच. त्यात निम्मा आवाज तोंडाचा नसते, ताटाचा असते. ताटं लेकरांच्या हाती आधी देऊ नका, वाजवत बसतात. आधी हात धुवा, मग बसवा, मग ताट, अन् ताटामागोमाग लगेच वाढा. पंगत एक लांब नको, सहा-सहांच्या, समोरासमोर. लांब पंगतीत या टोकाचा त्या टोकाले बोलते, मग धुऱ्याचा आवाज निघणारच. पाणी पाहिजे तर पेला वर धरायचा, ओरडायचं नाही. पण पेला वर दिसला की लगेच जा. दोनदा नाही गेलं की तिसऱ्यांदा ‘पानीऽऽ’!

सेविका, धारणी तालुका

एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली, पण आमच्याकडे कोरकू लेकरांना आजही सूचना प्रमाण मराठीत मिळतात. ‘हळू बोल’ म्हणलं की लेकरू सावकाश बोलते, कारण ‘हळू’ म्हणजे हळू चाल एवढंच त्याला माहीत. ‘मोठ्यानं’ म्हणजे मोठ्या माणसावानी, असंही समजतात. घरी आवाज कमी करायला आई कोणता शब्द वापरते, तो विचारून पाटीवर लिहून ठेवा आणि महिनाभर तोच वापरा. सोबत हाताची खूण: तळवा खाली खाली आणायचा, कानगोष्टीला पार जमिनीला टेकवायचा. नवं लेकरू पहिले काही आठवडे बोलतच नाही. त्याला ‘मोठ्यानं बोल’ म्हणून उभं करू नका. त्याला आधी गाण्यात घ्या, तिथं एकट्याचा आवाज उघडा पडत नाही.

बालवाडी शिक्षिका, वर्धा जिल्हा

माँटेसरीबाईंचा शांततेचा खेळ इथं फार उपयोगी, पण बहुतेक जण तो बिघडवतात. कृती अशी: दहा-बारा लेकरं, सतरंजीवर मोकळी बसलेली. आधी अर्धा मिनिट काय काय ऐकू येते ते ऐकायचं: साळुंकी, दूरचा ट्रॅक्टर, पंखा. मग बाईनं दाराआडून एकेकाचं नाव कानगोष्टीच्या आवाजात घ्यायचं. ज्याचं ऐकू आलं त्यानं पाय न वाजवता बाईजवळ यायचं. सुरुवातीला एकूण दोन मिनिटं, महिन्याभरात पाचापर्यंत.

फसते कुठे? तीस जणांना एकदम बसवलं की शेवटच्याचा नंबर येईपर्यंत शांतता मरते. चुळबुळ्यांची नावं शेवटी ठेवू नका, मधे घ्या. आणि कल्ला झाल्यावर शिक्षा म्हणून हा खेळ कधीच नको. एकदा शिक्षेचा वास लागला की खेळ संपला.

आरोग्य सेविका, चंद्रपूर जिल्हा

चार आवाज शिकवूनही एखादं लेकरू सतत मोठ्यानंच बोलत असेल, तर आधी कान पाहा. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलं की ऐकू कमी येते आणि पावसाळ्यात हे बरंच आढळते. त्याच्या मागे हातभर अंतरावर उभं राहून कानगोष्टीच्या आवाजात ओळखीच्या वस्तूचं नाव घ्या, एकेका बाजूनं. दोनतीन वेगवेगळ्या दिवशी ओळखलं नाही तर नोंद करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, त्यांना नावासकट दाखवा. पण कान वाहत असेल तर त्यांची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. कानात गरम तेल घालायचं नाही, हे आजीलाही सांगा. आणि ज्याचा आवाज तीन आठवड्यांच्या वर घोगरा आहे त्याला नाक-कान-घशाचा डॉक्टर दाखवावा, ‘ओरडून बसला असेल’ म्हणून सोडू नये.

सेविका, दर्यापूर तालुका

मदतनीस ताईंचं ताटाचं एकदम खरं. एक राहिलंच: बैलाच्या गळ्यातली घंटी खुणेला वापरतात, ती वाजवून वाजवून लेकरं तिला सरावतात. दिवसातून चारदा, त्याच्या वर नाही. वाजवली की बाईनंही मधेच बोलायचं नाही. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तर घंटी बाजूलाच ठेवा. सगळ्यांच्या डोक्यात लाकडी बैल अन् झडत्या, म्हणजे पोळ्याला मोठ्यानं म्हणायची कवनं, असतात. त्या दिवशी पहिला अर्धा तास बाहेरच घ्या.

पर्यवेक्षिका

टिनावर जोराचा पाऊस आला तर?

सेविका, धारणी तालुका

मग बोलायचंच नाही ताई. पावसावर आवाज चढवला की घसा जातो, लेकरांना कळत तर काही नाही. चिकणमाती काढा, मुक्या खुणांचं गाणं घ्या. ओसरला की गोष्ट.